ब्रेकच्या तेलातले पाणी

दसऱ्याच्या सकाळी यवतमाळात फेरी मारली तर एकही वाहन बिनहाराचे दिसायचे नाही. सायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा, पुढच्या बाजूला हळदीकुंकवाची बोटे आणि चाकाखाली लिंबू. आमच्याही मोटारीला हा मान कित्येक वर्षे मिळत आला आहे. काचा पुसल्या जातात, टायरांना काळे पॉलिश होते, मुले हाराच्या लांबीवरून भांडतात. परंतु इतक्या दसऱ्यांत बॉनेट उघडून एका कोपऱ्यातल्या त्या वाटीएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीकडे निरखून पाहावे, असे मला एकदाही सुचले नाही. त्या डबीत ब्रेकचे तेल असते. ते सात वर्षांचे जुने झाले आहे, हे मला कळले ते माहूरच्या दत्तशिखरावरून खाली उतरताना.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली ही गोष्ट. आईचा कसलासा नवस राहिला होता. यवतमाळहून आर्णी, आर्णीहून धनोडा, तेथे पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात माहूर. सारा प्रवास सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांचा. छोट्या मोटारीत आई, सौ., मेहुणी, दोन मुले, पाण्याची कॅन, धपाट्यांचा डबा आणि मी. सकाळी रेणुकामातेचे दर्शन झाले, मग दत्तशिखर. खाली निघालो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि ऊन असे होते की दाराची मूठ हाताला लावून घेत नव्हती.

आता माझा एक जुना शहाणपणा सांगतो. चढताना जळालेले पेट्रोल उतरताना वसूल करावे, असा माझा हिशेब असे. म्हणून उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि ब्रेकवर पाय ठेवून डुलत डुलत खाली यायचे. त्या दिवशीही तेच चालले होते. वळण आले की दाबा, सरळ रस्ता आला की सोडा. चार-सहा वळणे झाली. चाकांकडून काहीतरी जळाल्याचा वास येऊ लागला, तेव्हा मी मेहुणीला म्हणालो, "पुढच्या ट्रकचा असेल." पुढे ट्रक नव्हता.

एका वळणानंतर मी पाय उचलला आणि पुढच्या वळणापाशी पुन्हा दाबला, तो पेडल थेट तळाला जाऊन टेकले. त्याला काही वजनच नव्हते. चिखलात पाय जावा तसा पाय आत गेला. दुसऱ्यांदा दाबले, तिसऱ्यांदा दाबले, तोच प्रकार. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे दरी. मी काय काय केले ते क्रमाने मला आजही सांगता येत नाही. इंजिनाचा वेग वाढवून गाडी तिसऱ्यात कोंबली, मग दुसऱ्यात, इंजिन किंचाळले. हँडब्रेक हळूहळू ओढला. गाडी मंदावली, आणि डोंगराच्या बाजूला रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. कोणाला खरचटलेही नाही. गाडीत मिनिटभर कोणी बोलले नाही. मग आई म्हणाली, "आईनं सावरलं." मी काही बोललो नाही. त्यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ आजही काही नाही.

मागून एक काळीपिवळी जीप आली. तिचा चालक उतरला, चाकाजवळ वाकून त्याने वास घेतला. मी पाण्याची कॅन घेऊन चाकाकडे निघालो होतो, तर त्याने मला हातानेच थांबवले.

"पाणी नका मारू जी. तापल्यावर मारलं तं डिस्क वाकडी होते. न्यूट्रलात आणली काय गाडी, काकाजी?"

मी मान हलवली.

"मंग तेल उकळलं. पाऊण तास झाडाखाली बसा. ब्रेक येते वापस. मंग दुसऱ्या गेअरात उतरवा, अन् घरी गेल्यावर तेल बदलवा पहिले."

आम्ही झाडाखाली बसून धपाटे खाल्ले. म्हणजे मुलांनी खाल्ले. पाऊण तासाने मी पेडल दाबून पाहिले, तर ते खरोखरच पहिल्यासारखे घट्ट! ब्रेक गेले याचे मला नवल वाटले नव्हते. जुन्या गाडीत काहीही जाऊ शकते. ते न बोलावता परत आले, याने मात्र माझी झोप उडवली.

दुसऱ्या दिवशी गाडी नेहमीच्या गॅरेजात नेली. महिन्याभरापूर्वी त्याच गॅरेजात 'पेडल जरा हलके लागते' अशी तक्रार मी केली होती आणि "तेल कमी झालं होतं साहेब, टाकून देलं," असे उत्तर मला मिळाले होते. या वेळी त्यांनी गाडी आर्णी रोडवर पळवून आणली, दोनदा करकचून थांबवली आणि मला किल्ली देत सांगितले, "ब्रेक तं फस्क्लास आहेत. तुम्हाले भास झाला असंल." त्या माणसाला मी खोटा म्हणत नाही. त्याने जे ब्रेक तपासले ते थंड ब्रेक होते, आणि थंड ब्रेक खरोखरच चांगले होते. दुखणे अंगात असताना वैद्यापुढे ताप उतरावा, तशातली ही तऱ्हा.

हा उलगडा केला आमच्या शेजारच्या काकाजींनी. एस.टी.च्या वर्कशॉपात त्यांची हयात गेली. सगळी हकिकत ऐकून घेतल्यावर ते आधी पोटभर हसले आणि मग म्हणाले, "आमच्या एस.टी.चं अन् तुमच्या गाडीचं उलटं आहे, मास्तर. आमच्या गाडीत हवा असली तं ब्रेक लागते. तुमच्या गाडीत हवा शिरली तं लागत नाही."

या एका वाक्यात सारे शास्त्र आहे. मोठ्या बसगाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेच्या जोरावर चालतात. आपल्या मोटारींचे चालतात ते तेलाच्या जोरावर. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेलाला ढकलतो. तेल दबत नाही, म्हणून तो जोर बारीक नळ्यांतून जसाच्या तसा चाकांपर्यंत जातो आणि तेथे ब्रेक आवळले जातात. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो, हा पास्कल या फ्रेंच पंडिताचा सतराव्या शतकातला सिद्धांत आपण शाळेत घोकलेला असतो. पण त्या तेलात वायूचा एक बुडबुडा जरी असला, तरी सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबावा तसे होते: दांडा आत जातो, पुढे काही पोचत नाही.

मग आमच्या गाडीत हवा आली कोठून? नळी फुटली नव्हती, थेंबभर गळती नव्हती. काकाजींचे उत्तर असे, की हवा आली नाही, वाफ झाली. आणि वाफ झाली ती पाण्याची.

आता मला खरी गंमत कळली. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नव्हेच. ग्लायकॉलच्या कुळातली ती रसायने. त्यांचा स्वभाव पावसाळ्यातल्या मिठासारखा. हवेतला दमटपणा ती शोषून घेतात. डबीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते, रबराच्या नळ्यांतूनही वर्षानुवर्षे थोडीथोडी ओल झिरपते. बाहेरून काही दिसत नाही. पाणी त्या द्रवात पुरते मिसळून जाते, तळाशी बसत नाही, वर तरंगत नाही. बाजारात मिळणाऱ्या डबड्यावर 'डॉट ३', 'डॉट ४' असे लिहिलेले असते. डॉट ३ चे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. त्याच तेलात ३.७ टक्के पाणी मुरले की ही हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. शंभर भागांत चार भागही पाणी नाही, आणि पासष्ट-पंच्याहत्तर अंशांचा फरक!

उलट बाजूला घाटात किती उष्णता तयार होते त्याचा हिशेब मी मुलांच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर केला. माणसांसकट हजार किलो वजनाची गाडी दोनशे मीटर खाली उतरते असे धरा. वेग वाढू द्यायचा नाही, म्हणजे ती सगळी शक्ती कोठेतरी जिरवली पाहिजे. तिची उष्णता केली तर साडेसहा लिटर गार पाण्याला आधण येईल. गाडी गेअरमध्ये असती तर यातला बराच भार इंजिनाने उचलला असता. मी काटकसरी! सगळे आधण चार चाकांत आणून ओतले, तेही मे महिन्यात. अशा वेळी डिस्क तीन-चारशे अंशांपर्यंत तापू शकते, आणि तिला चिकटून तेलाचा सिलिंडर असतो.

ब्रेक दाबलेले असताना का गेले नाहीत आणि पाय उचलून पुन्हा दाबल्यावरच का गेले, हे कोडे मात्र सौ.ने सोडवले. ती म्हणाली, "कुकरसारखंच झालं की. दाब आहे तोवर आतलं पाणी उकळत नाही. शिटी काढली की भसकन उकळी." तिचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. पाय पेडलवर होता तोवर तेल दाबाखाली होते. पाय उचलताच दाब गेला आणि तापलेल्या तेलातल्या पाण्याची वाफ झाली. गाडी थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी झाले, आणि ब्रेक परत आले. गॅरेजवाल्याच्या हाती लागले ते परत आलेले ब्रेक. त्याने आदल्या महिन्यात वरून ओतलेले नवे तेल डबीतच राहिले होते. चाकांपाशी, जेथे खरी आग असते तेथे, सात वर्षांचे जुने तेल जसेच्या तसे होते. हे सात वर्षेही मला जुन्या बिलांची फाईल उपसल्यावर कळले. इंजिन ऑइल दरवर्षी, टायर दोनदा, बॅटरी दोनदा. ब्रेकचे तेल बदलल्याचे बिल सात वर्षांत एकही नव्हते. बहुतेक कारखानदार ते दोन वर्षांनी बदला म्हणून सांगतात. आमच्याही गाडीच्या पुस्तिकेत ते छापलेले होते. ती पुस्तिका गाडीच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्यासारखी राहिली होती.

जाता जाता एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. मोटारीला तेलाचे ब्रेक लावण्याची कल्पना व्यवहारात आणली ती अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीड याने. १९१७ साली त्याने तिचे पेटंट घेतले. विमानांमुळे नाव झालेल्या लॉकहीड बंधूंतलाच हा एक. पुढे १९२१ साली ड्यूझेनबर्ग कंपनीने चारही चाकांना असे ब्रेक लावून मोटारी विकायला काढल्या. त्या पहिल्या काळात ब्रेकमध्ये पुष्कळदा काय घालीत असत? एरंडेल आणि मद्यार्क यांचे मिश्रण! लहानपणी नाक दाबून जे आपण प्यालो ते मोटारींनाही पाजीत, हे ऐकून मला फार समाधान वाटले. मद्यार्क लवकर उकळे, म्हणून ते मिश्रण मागे पडले आणि ग्लायकॉल आले. उकळण्याचे दुखणे मात्र शंभर वर्षे पाठीस लागलेलेच आहे.

तर तेल बदलायचे ठरले. काकाजी म्हणाले, "घरीच करा. मी सांगतो तसं. मले आता खाली वाकता येत नाही, पण दोन माणसं पाह्यजे. एक चाकापाशी, एक पेडलवर." दुसरे माणूस म्हणून मी पुतण्याचे नाव घेतले. सौ. म्हणाली, "मी काय गाडीत बसत नाही? पेडल मी दाबते." त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. घाटात तीही होती.

सामान फार लागत नाही. झाकणावर डॉट ३ लिहिले होते, म्हणून त्याच जातीचा अर्ध्या लिटरचा सीलबंद डबा दत्त चौकाकडून आणला. उघडून ठेवलेला जुना डबा कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. झाकण उघडल्या दिवसापासून तो पाणी पीत असतो. निपलला बरोबर बसणारा रिंग पाना (आमच्या गाडीला ८ चा लागला), हातभर पारदर्शक नळी, एक काचेची बाटली, औषधाच्या दुकानातली मोठी पिचकारी, जॅक आणि गाडी टेकवायला दोन लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या चळतीवर गाडी ठेवून चाकापाशी डोके घालणे म्हणजे आत्महत्येचा अर्ज आहे. विटा सांगून फुटत नाहीत.

आदल्या रात्री काकाजींनी चारही निपलांवर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवायला लावले. निपल म्हणजे प्रत्येक चाकाच्या सिलिंडरवरचा पोकळ स्क्रू. तो सैल केला की तेलाला बाहेरची वाट मिळते. आमचा मागचा डावा निपल गंजून घट्ट झाला होता. मी जोर लावू लागलो तसे खुर्चीवरून काकाजी ओरडले, "जबरदस्ती नोका करू! तुटलं तं पूरा सिलिंडर बदलावा लागंल." हातोडीने हळूहळू ठोकून, पुन्हा तेल टाकून, तासाभराने तो निघाला. या तासाभरात माझी विडी-तंबाखूची सवय असती तर बरे झाले असते असे वाटले.

आधी पिचकारीने डबीतले जुने तेल काढले. त्याचा रंग गुळाच्या चहासारखा होता. नव्याचा रंग फिकट, करडईच्या तेलासारखा. पण रंगावर जाऊ नये असे काकाजी म्हणतात, कारण पाण्याला रंग नसतो. फिकट दिसणारे तेलही ओले असू शकते. डबी नव्या तेलाने भरून झाकण नुसते वर ठेवले आणि सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून आमच्या गाडीला आधी मागचे डावे, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा क्रम लागला. काही गाड्यांच्या नळ्या तिरप्या जोडलेल्या असतात, त्यांचा क्रम निराळा; तो पुस्तिकेत दिलेला असतो. पुस्तिका पिशवीतून बाहेर काढावी लागते, एवढेच.

काम सोपे आहे, पण त्यात ताल आहे. नळीचे एक टोक निपलवर, दुसरे बाटलीत थोड्या नव्या तेलात बुडवलेले. सौ.ने पेडल तीन-चार वेळा सावकाश दाबायचे आणि दाबून धरायचे. मी निपल पाव आटा सैल करायचा. तेल नळीतून पिचकारीसारखे येते आणि पेडल खाली जाऊ लागते. ते खालीच दाबून धरलेले असताना मी निपल आवळायचा, आणि मगच तिने पाय उचलायचा. आवळण्याआधी पाय उचलला की नळीतली हवा उलट आत ओढली जाते आणि केलेले सारे वाया. म्हणून मोठ्याने ओरडावे लागते. आमच्या अंगणातून "दाब! दाब! धर! धरून ठेव! सोडू नको! हं, सोड!" असा घोष सुरू झाला तेव्हा पलीकडच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली आणि गाडी पाहून निराश होऊन खाली गेली.

पेडलखाली काकाजींनी एक लाकडी ठोकळा ठेवायला लावला होता, म्हणजे पेडल पार तळाला जाऊ नये. त्याचे कारण मला फार पटले. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरमधला रबरी वायसर अर्ध्यापर्यंतच पुढे-मागे होतो. त्यापलीकडच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि मळ साठलेला असतो. एकदम तळापर्यंत दाबले की वायसर त्या खरखरीत भागावर घासून फाटतो, आणि चांगले करायला गेलो ते बिघडवून बसतो.

पहिल्या चाकातून आधी काळपट तेल आले, त्याबरोबर बारीक बुडबुडे, आणि दहा-बारा वेळा केल्यावर नळीत स्वच्छ करडईचा रंग उतरला. दुसरे चाकही झाले. तिसऱ्या चाकाशी माझी अक्कल पुन्हा चरायला गेली. चहा आला, तो पिता पिता मी काकाजींना माझा साडेसहा लिटर पाण्याचा हिशेब समजावून देत होतो आणि एका हाताने पाना फिरवीत होतो.

सौ. म्हणाली, "अहो, पाय आत जातोय. मघाशी असं नव्हतं."

मी म्हणालो, "दमली असशील."

"दमले नाही. पेडल मऊ लागतंय. घाटात तुम्ही म्हणाला होता ना, चिखलासारखं? तसं."

नळीत पाहिले तर बुडबुड्यांची माळच्या माळ निघालेली. धावत जाऊन डबी पाहिली. ती तळाला गेली होती आणि मास्टर सिलिंडर खुशाल हवा ओढत होता. दर पाच-सहा दाबांनंतर डबीत भर घाला, हे काकाजींनी तीनदा सांगितले होते. आता पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात. अर्ध्या लिटरचा डबा संपला, दुसरा आणायला पुतण्याला पळवले. त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली: चाकापाशी बसलेल्याला फक्त तेल दिसते, ब्रेक कळतात ते पेडलवरच्या पायाला. तो पाय काय म्हणतो ते ऐकले पाहिजे.

संध्याकाळपर्यंत चारही चाके झाली. निपल आवळताना जोर दाखवू नये. पोकळ स्क्रू तो, बेताने आवळला तरी पुरतो. मग सौ.ने पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरले आणि मी चारही चाकांपाशी बॅटरी मारून ओल दिसते का पाहिले. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली सरकू लागले तर कोठेतरी गळते आहे किंवा मास्टर सिलिंडरचा वायसर गेला आहे असे समजावे, आणि गाडी बाहेर काढू नये. स्पंजासारखे लागले तर हवा राहिली आहे. आमचे दगडासारखे उभे राहिले. इंजिन सुरू केल्यावर ते किंचित खाली गेले, तेव्हा मी दचकलो. पण बूस्टर असलेल्या गाडीत तसे जायलाच हवे. पहिली फेरी अंगणात पायी चालण्याच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून. दुसरी रिकाम्या रस्त्यावर.

हे सगळे जमले म्हणून प्रत्येकाने करावे असे मी म्हणणार नाही. नव्या गाड्यांत एबीएस नावाची यंत्रणा असते. तिच्या पंपात अडकलेली हवा काढायला बऱ्याच गाड्यांत गॅरेजातले संगणक जोडावे लागतात, तेथे घरच्या पान्याचे काम नाही. हाताला विश्वास नसेल त्यानेही गॅरेजातच जावे. मात्र तेथे "तेल टाकून द्या" म्हणू नये, "जुने काढून नवे भरा" म्हणावे, आणि चारही चाके उघडेपर्यंत बाकावर बसून राहावे. एकदा एका हितचिंतकाने मला रॉकेलने सिलिंडर धुण्याचा सल्ला दिला होता. रॉकेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल यांचा थेंबही ब्रेकच्या रबराला लागता कामा नये. रबर फुगते आणि ब्रेक चिकटून बसतात किंवा गळू लागतात.

दोन गोष्टींचा खुलासा राहिला. माझ्या हातून चार थेंब बॉनेटच्या कडेवर सांडले आणि मी ते कोरड्या फडक्याने पुसले. सकाळी तेथला रंग सुरकुतून निघाला होता, रुपयाएवढा डाग. हे तेल रंग खाते, सांडले की लागलीच भरपूर पाण्याने धुवावे. दुसरे, काढलेले जुने तेल. ते बाटलीत भरले तर सरबतासारखे दिसते, आणि ते विषारी आहे. सौ.ने बाटलीवर लाल अक्षरांत 'विष' अशी चिठ्ठी लावून ती माळ्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी, वापरलेली तेले गोळा करून ठेवणाऱ्या एका गॅरेजात हे ब्रेकचे आहे असे सांगून मी ती वेगळी दिली. नालीत किंवा झाडाच्या मुळाशी ओतायला काकाजींनी सक्त मनाई केली होती.

मार्गशीर्षात आम्ही पुन्हा माहूरला जाणार होतो, पण त्याआधी दसरा आला. बॉनेटच्या आतल्या बाजूला सौ.ने तेल बदलल्याची तारीख आणि त्याखाली दोन वर्षांनंतरची तारीख लिहून चिकटपट्टी लावलेली होती. मुलांनी हार घातला, आईने पुढच्या काचेखाली कुंकवाची बोटे ओढली आणि मला विचारले, "ती डबी कोणती रे?"

मी बॉनेट उघडून दाखवली. आईने तिच्या झाकणावर एक बोट लावले आणि आत तेल आहे की नाही ते पाहण्यासाठी झाकण फिरवू लागली.

"उघडू नका हं आई," सौ. मागून म्हणाली, "बाहेरूनच दिसतं. उघडलं की त्यात हवेतलं पाणी जातं."